विचार खरा असतो तेव्हा

परभणी जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करू लागले आणि एक गोष्ट फार लवकर ध्यानात आली. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात जो विचार ठाण मांडून असतो, तो बहुतेक वेळा खरा असतो. ‘यंदा कर्ज फिटत नाही.’ ‘लेकीच्या लग्नाला पैसा उभा राहत नाही.’ ‘पोरगं गेलं, ते आता परत येत नाही.’ यातलं कुठलंच वाक्य मला खोडता येत नाही, आणि खोडायचा मला अधिकारही नाही.

माझी घडण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत झाली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली आणि ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घराघरांत नेली. तिचे माझ्यावर उपकार आहेत. ‘लोकांनी मला नावं ठेवताच कामा नयेत’, ‘बारावीत नापास म्हणजे जगायला नालायक’ अशा हट्टी समजुतींना ती नेमकी गाठते. नीटची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी मी ती आजही वापरते. पण शेंगा भरलेलं सोयाबीन डोळ्यांदेखत सडलेल्या माणसाला ‘या विचाराला पुरावा काय’ असं विचारलं, तर तो मला सरळ बांधावर नेऊन उभं करेल.

२०२४च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात तसंच झालं. ओढे शेतातून वाहिले. जे सोयाबीन हाती लागलं ते भिजलेलं, काळवंडलेलं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात सौदे त्याच्या खालीच होत होते. दिवाळीनंतर गावात आरोग्याचं काम करणाऱ्या एका आशाताईंनी पूर्णा तालुक्यातले एक दादा माझ्याकडे आणले. शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी आरोग्य खात्याने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात परभणी आहे. आशाताई घरोघर जाऊन प्रश्न विचारतात आणि ज्याचं मन खचलेलं दिसतं त्याला पुढे पाठवतात. दादा तसे आले. पन्नाशीला टेकलेले, कोरडवाहू रान, अंगावर सोसायटीचं आणि त्याशिवाय हातउसनं कर्ज.

“टेन्शन हाय, दुसरं काही नाही,” ते म्हणाले. “रातच्याला झोप येईना गेली. सगळे म्हणतेत इचार करू नको. करू नको म्हणून थांबतोय का तो?”

मी विचारलं, “विचार येऊ नये म्हणून आजवर काय काय करून बघितलंत?”

या प्रश्नाला माणसं मनापासून उत्तर देतात, कारण त्यात त्यांनी फार कष्ट घातलेले असतात. दादांनी फोन बंद करून ठेवला होता. पारावर कुणी ‘किती झालं सोयाबीन?’ विचारील म्हणून रानात जायला मागची वाट धरली होती. पाहुण्यांकडचं एक लग्न चुकवलं. संध्याकाळी थोडी घ्यायला लागले. दिवसा तोंडावर पांघरूण ओढून पडून राहायचे.

“यानं बरं वाटतं?”

“घडीभर वाटतंय.”

“मग?”

“मग डबल येतंय.”

एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी, अशा वेळी मी वापरते त्या दुसऱ्या एका उपचारपद्धतीचा पाया सांगितला होता. दुःख, भीती, लाज यांना टाळण्यासाठी माणूस जे जे करतो त्यानं तात्पुरता आराम पडतो, पण त्याची किंमत आयुष्य चुकवतं. दादांचा फोन बंद होता तेव्हा अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. विशिष्ट क्रमांक घेऊन ई-केवायसी करायची होती. सेवा केंद्रावर गर्दी असते, गर्दीत ओळखीचे असतात, म्हणून ते गेलेच नव्हते. पावसानं जे नेलं ते नेलंच होतं. आता या टाळाटाळीत हक्काचा पैसाही अडकला होता.

डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली केलेला प्रयोग मी पुष्कळदा सांगते. काही विद्यार्थ्यांना त्यानं बजावलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल येतच राहिलं. नंतर त्यांनाच मोकळीक दिली तेव्हा ते, पहिल्यापासून अस्वलाचाच विचार करायला सांगितलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं. मन दाबलं की उसळतं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. वेग्नरनं ते मोजून दाखवलं.

मग करायचं काय? स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हा प्रश्न स्वतःसाठीच पडला होता. १९७८ साली विद्यापीठातल्या विभागाच्या बैठकीत त्याला भीतीचा असा झटका आला की तोंडातून शब्द फुटेना. पुढे ते झटके वाढत गेले. शिकलेले सगळे उपाय भीतीला हाकलायचे होते आणि हाकलावं तितकी ती वाढत होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट शोधली आणि १९९९ साली त्या पद्धतीचं सविस्तर पुस्तक आलं. ‘ॲक्ट’ म्हणून ती आज ओळखली जाते. मराठीत आम्ही स्वीकार आणि बांधिलकी असं म्हणतो. भावना आली तर तिला जागा द्यायची. विचार आला तर तो विचार आहे एवढं ओळखायचं, त्याच्याशी कुस्ती धरायची नाही. लक्ष पुन्हा पुन्हा आत्ताच्या क्षणावर आणायचं, म्हणजे सजगता. आणि आपल्याला आयुष्यात जे मोलाचं वाटतं त्याच्या दिशेनं एक लहान पाऊल आजच टाकायचं, भीती गेल्यानंतर नाही, तिच्यासकट.

दादांशी मी सुरुवात पायांपासून केली. श्वासापासून करत नाही. घाबरलेल्या माणसाला श्वासाकडे बघ म्हटलं की तो कधीकधी आणखी घाबरा होतो. चपला काढायला लावल्या. खाली शहाबादी फरशी होती. “तळपायाला काय लागतं, सांगा.” ते थोडे ओशाळले. मग म्हणाले, “गार लागायली.” “टाचेला जास्त की बोटांना?” ते थांबले, टाच उचलून पुन्हा टेकवली, आणि म्हणाले, “टाचंला.” तोवर त्यांचे खांदे खाली आले होते. तेवढ्या वेळात कर्ज कुठेही गेलेलं नव्हतं. पण दादा त्या खोलीत आले होते.

मग मी त्यांच्या मनातलं सगळ्यात जड वाक्य विचारलं. बराच वेळ गेला. “म्या घर बुडिवलं,” ते म्हणाले. या वाक्याला विवेकनिष्ठ पद्धतीनं भिडता आलं असतं: पाऊस तुम्ही पाडला का, भाव तुम्ही ठरवता का. त्यांच्या भावानं, मेव्हण्यानं हे सगळं बोलून झालं होतं आणि दादांना ते पटतही होतं. पटूनही वाक्य हलत नव्हतं. म्हणून मी त्यांना तेच वाक्य एक शेपूट लावून म्हणायला सांगितलं. “मला असा इचार यायलाय की म्या घर बुडिवलं.” पहिल्यांदा ते गुळमुळीत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना मान वर आली होती. त्या वाक्याचं खरेखोटेपण आम्ही ठरवलंच नाही. फक्त ते वाक्य आणि ते म्हणणारे दादा यांच्यात बोटभर अंतर पडलं.

या पद्धतीच्या पुस्तकांत बसचा दाखला येतो. परभणीत मी तो जिंतूरच्या एसटीवर सांगते. चालक तुम्ही. मागं बसलेले काही प्रवासी ओरडतात, शिव्या देतात, ‘गाडी वळव’ म्हणतात. त्यांना उतरवायला गाडी थांबवली तर भांडण सुरू आणि गाडी जागेवर. ते म्हणतात तिकडं वळवली तर जिंतूर कधीच येत नाही. तिसरा मार्ग असा की त्यांचा गोंधळ ऐकू येतोय हे कबूल करायचं आणि रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवायची. दादा म्हणाले, “पण ताई, जायचं कुठं हेच ध्यानात राहिलं नाही.” मला त्या दिवशीचं ते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

‘तुमची मूल्यं कोणती?’ असं पुस्तकी विचारून काही निघत नाही. मी विचारते, हे सगळं नसताना तुम्ही कशात रमायचा. दादांनी ज्वारीचं सांगितलं. त्यांच्याकडे दरसाल रब्बीची ज्वारी असते, आणि हुरड्याच्या दिवसांत दोघी बहिणी लेकराबाळांसकट आखाड्यावर येतात. आगटी पेटवायची, कणसं भाजायची, हातावर चोळून हुरडा पाखडून भाच्यांच्या ओंजळीत द्यायचा. त्या वर्षी मात्र ते बहिणींना बोलावणार नव्हते. कोणत्या तोंडानं बोलवायचं, म्हणून. बहिणींना माहेर वाटावं, हे त्या माणसाचं मोल होतं, आणि लाज टाळण्याच्या नादात त्यालाच त्यांनी कुलूप घातलं होतं.

ठरलं ते एवढंच. फोन रोज सकाळी तासभर चालू ठेवायचा. गुरुवारी सेवा केंद्रावर जाऊन केवायसी करायची, तिथं लाज वाटणार हे धरून. आणि धाकट्या बहिणीला फोन. केवायसीला ते मुलाला घेऊन गेले, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही; गेले हे महत्त्वाचं. त्या जानेवारीत हुरडाही झाला. झोप पुष्कळ दिवस मोडतच होती.

मानवत तालुक्यातल्या एका मावशींची गोष्ट वेगळी. त्यांचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. डोळे मिटले की त्यांना दवाखान्यातला तोच दिवस दिसायचा, त्यामुळे डोळे मिटून करायचं ध्यान त्यांच्यासाठी बादच होतं. हे मी आवर्जून लिहिते, कारण सजगता म्हणजे डोळे मिटून मांडी घालणं असं पुष्कळांना वाटतं, आणि मोठा धक्का बसलेल्या माणसाला ते झेपेलच असं नसतं. मावशी कापूस वेचायला जात. आशाताईंबरोबर मी वेचणीच्या दिवसांत त्या रानात गेले. मजुरी किलोवर असते, वेळ घालवून चालत नाही, म्हणून आम्ही एकच ओळ ठरवली. कमरेला ओटी बांधलेली. बोंड फुटून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात आणि नखाच्या कडेला टोचतात. तीन बोटं आत घालायची, कप्प्यांतला कापूस एका ओढीत बाहेर काढायचा, वाळलेलं पान चिकटलं असेल तर ते झटकायचं, कवडी वेगळी ठेवायची. मी त्यांना फक्त बोटांची खबर विचारत होते. कुठं टोचलं, कोणतं बोंड ओलसर लागलं, ओटी कोणत्या बाजूला ओढायली. मध्येच त्या म्हणाल्या, “आता लेकरू आलं मनात.” मी म्हटलं, “येऊ द्या. बोटं कुठंत?” “बोंडावर.” त्या रडत होत्या आणि वेचत होत्या. ओळ संपल्यावर म्हणाल्या, “रडले, पण आज चक्कर आली नाही.” त्याआधी मुलाची आठवण आली की त्यांना भोवळ येऊन खाली बसावं लागायचं.

आमच्याच जिल्ह्यातलं गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. दळताना, गोवऱ्या वेचताना चित्त एका जागी ठेवायचं म्हणजे काय, हे त्या भागातल्या बायकांना मला वेगळं शिकवावं लागत नाही. परभणी शहरातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला विचारलं होतं, हे तर आमच्या विहारातलं आनापान, श्वासावरचं ध्यान झालं, तुम्ही त्याला नवीन का म्हणता? त्यांनी इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं शिबिर केलेलं होतं. तिथं १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. गुरुजींचं म्हणणं बरोबरच होतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, तो बौद्ध ध्यानपरंपरेतूनच घेतलेला, धर्माची चौकट बाजूला ठेवून. हे ऋण मोकळेपणी सांगायला हवं असं मला वाटतं. फरक आहे तो कामाचा. विपश्यनेची वाट मुक्तीकडे जाते. माझ्याकडे आलेल्या माणसाला आज संध्याकाळी घरी जाऊन बायकोशी बोलता यावं, इतकंच मला हवं असतं. आणि ज्याचं मन अगदी तळाला गेलेलं आहे त्यानं डॉक्टरला न विचारता दहा दिवस मौनात जाऊन बसू नये, हे मी गुरुजींनाही सांगितलं. त्यांना ते पटलं.

एका प्रशिक्षणात शेतकरी संघटनेत काम केलेल्या एका तरुणानं उभं राहून विचारलं, “मॅडम, भाव नाही, विमा नाही, आणि तुम्ही शेतकऱ्याला ‘स्वीकारा’ म्हणता? हे गप्प बसवायचंच काम झालं की.” या प्रश्नाचा मला राग येत नाही. तो विचारलाच पाहिजे. हमीभावाखाली जाणारं सोयाबीन, नामंजूर झालेला विमा, सावकाराची चक्रवाढ यांतलं काहीही स्वीकारायला मी कुणाला सांगत नाही. स्वीकारायची ती छातीतली धडधड, पोटातला गोळा, ‘लोक काय म्हणतील’ ही लाज. त्यांच्याशी भांडण्यात दिवस गेला तर लढायला माणूस उरत नाही. २०२४च्या त्या हंगामात पीक बुडाल्याची खबर विमा कंपनीला ७२ तासांत द्यावी लागायची. तोंडावर पांघरूण घेऊन पडलेला माणूस अशी खबर देत नाही. लाज वाटत असतानाही जो तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी जातो, तो गप्प बसलेला नाही. मी त्या तरुणाला हेही सांगितलं की समुपदेशन हे भावाला पर्याय नाही, आणि कुणी तो पर्याय आहे असं म्हणालं तर मी त्या तरुणाच्याच बाजूनं उभी राहीन.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. माणूस जेवणपाणी सोडतो, त्याला आवाज ऐकू येतात, तो मरणाची तयारी करतो, तेव्हा मी बसचा दाखला सांगत बसत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या, आणि घरातलं कुणीतरी सतत सोबत. फवारणीच्या औषधाचा डबा घरातून हलवायचा, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवायचा, हे पहिलं काम. श्रीलंकेनं १९९५ पासून एकेक अतिविषारी कीटकनाशक बंद केलं आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. हाताशी विष नसेल तर ती एक रात्र निघून जाते, आणि ती निघून जाणं फार मोलाचं असतं. घरचे पोलिसांच्या भीतीनं प्रकार लपवतात, तेव्हा मी त्यांना २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगते: प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवायला लावते. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं याच पद्धतीवर बेतलेलं एक साधं चित्रमय पुस्तक २०२० साली काढलं. त्याच्या जोडीचा गटाचा कार्यक्रम युगांडातल्या छावणीत दक्षिण सुदानमधून आलेल्या निर्वासित बायकांबरोबर करून पाहिला गेला. ध्वनिमुद्रित सूचना, एका गटात वीस-तीस बायका, पाच बैठका, आणि चालवणाऱ्या थोडं प्रशिक्षण घेतलेल्या बायका. त्यांची घरं खरोखर गेलेली होती, माणसं खरोखर मेलेली होती. कुणी त्यांना ‘विचार चुकीचा आहे’ असं सांगू शकत नव्हतं. तरी त्यांचा त्रास कमी झाला आणि ते संशोधन प्रसिद्ध झालं. ते वाचलं तेव्हा मला मानवतच्या मावशींचं रान आठवलं.

आमच्याकडे यातलं बरंचसं तयार आहे. आशाताई आहेत, त्यांना गावातलं प्रत्येक दार माहीत आहे. ज्या ताईंनी माझ्यासोबत हे शिकून घेतलं त्या आता दारात गेल्या की ‘विचार करू नका’ म्हणत नाहीत. त्या बसतात आणि विचारतात, ‘कुठं जाणवायलंय? छातीत का पोटात?’ पण त्यांच्याकडे लसीकरण आहे, गरोदर मातांच्या याद्या आहेत, दहा रजिस्टरं आहेत, आणि या बसण्याचा त्यांना वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. मला हवा आहे उपकेंद्रात आठवड्यातला एक ठरलेला तास, पाच आठवडे तीच माणसं आणि तीच ताई. मध्येच बदली नाही, मध्येच दुसरी मोहीम नाही. युगांडातल्या छावणीत हे जमलं आहे. आमच्या सोनपेठला, पालमला का जमू नये, याचं कारण मला अजून कुणी दिलेलं नाही.